‘धूळ उडते’ : कोळशाच्या धुळीविषयीच्या मराठी लेखनाची चिकित्सा

शास्त्रीय विषयावरील मराठी लेखनाची परीक्षा बहुधा परिभाषेच्या अंगाने केली जाते. अमुक संज्ञेला कोणता प्रतिशब्द योजला, तो संस्कृतातून घेतला की बोलीतून, तो सुबोध आहे की दुर्बोध, एवढ्यावर चर्चा थांबते. वाक्याची परीक्षा सहसा होत नाही. वस्तुतः शास्त्र सांगितले जाते ते वाक्यात. शब्द त्याचे केवळ अवयव होत. क्रियापद कोणते, कर्ता कोण आणि कारण कोणत्या विभक्तीने सांगितले, यांवर एखाद्या घटनेचे आकलन अवलंबून असते. भूमिगत खाणीत वाहणारी हवा कोळशाची धूळ कशी उचलते व कोठवर नेते, हा विषय या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. येथे आकलनाचा दोष हा केवळ लेखनदोष राहत नाही. त्याची किंमत मनुष्यजीवितात मोजावी लागली आहे.

प्रथम घटनेचे स्वरूप पाहणे अवश्य आहे. खाणीत कोळसा फुटतो, कापला जातो, भरला जातो, पट्ट्यावरून वाहिला जातो, एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर पडतो. या प्रत्येक क्रियेत त्याचे सूक्ष्म कण सुटे होतात. त्यांतील जड कण लगेच खाली बसतात, हलके हवेबरोबर जातात. स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलेल्या नियमानुसार सूक्ष्म कणाचा पडण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्या नियमाने हिशेब केला, तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, म्हणजे १० मायक्रॉन व्यासाचा कोळशाचा कण स्थिर हवेत सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटर खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीवर पोचण्यास त्याला आठ मिनिटे लागतील; आणि बोगद्यातील हवा सेकंदाला २ मीटर वेगाने वाहत असेल, तर तेवढ्या अवधीत तो सुमारे एक किलोमीटर पुढे गेलेला असेल. एक मायक्रॉनचा कण याच्या शंभरपट सावकाश पडतो, म्हणजे तेवढेच अंतर उतरण्यास त्याला तेरा-चौदा तास हवेत. उलटपक्षी १०० मायक्रॉनचा कण काही सेकंदांतच तळाला लागतो. तेव्हा ‘धूळ’ या एका शब्दाने ज्या वस्तूचा निर्देश होतो, तिच्या घटकांच्या वर्तनात तास आणि सेकंद यांइतके अंतर आहे.

बसलेली धूळ पुन्हा उठते कशी, हा याहून नाजूक प्रश्न होय. वाहत्या हवेचा वेग पृष्ठभागाला लागून जवळजवळ शून्य असतो. पृष्ठभागापासून दूर जावे तसा तो वाढत जातो. अत्यंत बारीक कण या मंद थरात दडलेले असतात. शिवाय एकमेकांना व जमिनीला चिकटून राहण्याचे त्यांचे बळ त्यांच्या वजनाच्या मानाने मोठे असते. म्हणून सर्वांत बारीक कण सर्वांत आधी उडतील, ही सामान्य समजूत खरी ठरत नाही. वाळूचा या दृष्टीने अभ्यास करून बॅग्नोल्डने १९४१ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कण उचलला जाण्यास वाऱ्याचा एक किमान वेग लागतो आणि एका मर्यादेखालील बारीक कणांसाठी तो वेग कमी न होता वाढतो, हे दाखविले आहे. बारीक कण सुटतात ते बहुधा उड्या घेत जाणाऱ्या जाड कणांच्या आघाताने, यंत्राच्या कंपाने, माणसाच्या पावलाने किंवा हवेच्या अकस्मात धक्क्याने. एकदा सुटले, की मग मंद वारादेखील त्यांना दूरवर नेऊ शकतो. उचलण्यास लागणारा वेग आणि वाहून नेण्यास लागणारा वेग, या दोन भिन्न राशी आहेत.

खाणीतील वायुवीजनाचा प्रश्न यातूनच उद्भवतो. हवा फार मंद असेल तर ज्वालाग्राही मिथेन साचतो व धूळ विरळ होत नाही. फार वेगवान असेल तर ढिली पडलेली जाडसर धूळ ती पुन्हा उचलते. म्हणून कामाच्या जागी सेकंदाला सुमारे २ मीटरच्या आसपासचा वेग धुळीच्या दृष्टीने बरा मानला जातो. वारा हा येथे धूळ निवळविणारा आणि धूळ उडविणारा, अशा दोन्ही भूमिकांत वावरतो.

स्फोटाच्या वेळी तर वाऱ्याची भूमिका निर्णायक ठरते. कोठेतरी थोडा मिथेन पेटतो. त्याच्या धक्क्याने ज्वालेच्या पुढे हवेचा प्रचंड झोत धावतो आणि छत, भिंती, तुळया व जमीन यांवर वर्षानुवर्षे बसलेली धूळ उचलून हवेत मिसळतो. मागून येणारी ज्वाला त्या मिश्रणाला पेटविते; त्यातून नवा धक्का, नवा झोत, नवी धूळ. हवेच्या घनमीटरमागे सुमारे ५० ग्रॅम धूळ एवढे प्रमाण अशा ज्वलनास पुरते. चार मीटर रुंद व अडीच मीटर उंच बोगद्याचा हिशेब केला, तर एवढी धूळ पुरविण्यास त्याच्या सर्व पृष्ठभागांवर मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थर पुरेल. बोट फिरविले असता रेघ उमटेल, इतकाच तो थर. १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेलच्या खाणीत ९५ माणसे दगावली, तेव्हा चौकशीसाठी गेलेल्या फॅरडे व लायेल यांनी या धुळीकडे बोट दाखविले होते. तरीही पुढे कित्येक दशके, मिथेन नसता केवळ धुळीने मोठा स्फोट होईल यावर बऱ्याच तज्ज्ञांचा विश्वास बसला नाही. १९०६ मध्ये फ्रान्समधील कूरिएर येथे १,०९९ माणसे मेली आणि मग तो वाद मिटला. भारतात २८ मे १९६५ रोजी तत्कालीन बिहारमधील धोरी येथील खाणीत धुळीच्या स्फोटाने २६८ कामगारांचा बळी घेतला. प्रतिबंधक उपाय म्हणून चुनखडीची पूड खाणीत पसरतात, ती याचसाठी : झोताने कोळशाच्या धुळीबरोबर तीही उडावी आणि ज्वालेची उष्णता शोषून घ्यावी. धुळीला धुळीनेच आवर घालण्याची ही युक्ती आहे.

आता या सर्व व्यापाराचे मराठीतील रूढ वर्णन पाहावे. ‘खाणीत धूळ उडते व पसरते’, ‘स्फोटामुळे धूळ उडाली’, ‘धुळीचे प्रमाण वाढले’ : उदाहरणादाखल घेतलेली ही वाक्ये कोणत्याही पाठ्यपुस्तकात किंवा वृत्तान्तात शोभतील अशी आहेत. व्याकरणदृष्ट्या त्यांत वैगुण्य नाही. ‘उडणे’ हे अकर्मक क्रियापद. धूळ हा त्याचा कर्ता. पक्षी उडतो, पतंग उडतो, रंग उडतो, झोप उडते, तशीच धूळ उडते. परंतु येथेच अर्थाची गफलत होते. पक्ष्याला पंख आहेत. धुळीला ते नाहीत. पाणिनीने कर्ता म्हणजे क्रियेच्या बाबतीत स्वतंत्र असणारा, असे लक्षण केले आहे. धूळ अशी स्वतंत्र नाही. क्रियेचे फळ तिच्यावर घडते. ‘धूळ उडते’ या वाक्यात व्याकरणाचा कर्ता आणि घटनेचा कर्ता भिन्न आहेत, आणि दुसऱ्याचा उच्चारही होत नाही.

अशी रचना मराठीत सर्वत्र आढळते आणि नित्य व्यवहारात तिच्यावाचून अडतेही. दूध उतू जाते, दार उघडते, काच फुटते. प्रत्येक वेळी करणाऱ्याचे नाव घेणे आवश्यक नसते. प्रश्न निर्माण होतो तो कारणपरंपरा सांगणे हेच ज्या लेखनाचे प्रयोजन, त्यात ही रचना स्वभावतः शिरते तेव्हा. मराठीकडे ‘उडणे’बरोबर ‘उडविणे’ हे प्रयोजक रूप आहे. ‘बसणे’बरोबर ‘बसविणे’, ‘साचणे’बरोबर ‘साचविणे’ आहे. ‘पसरणे’ हे तर उभयविध क्रियापद. ‘तो चटई पसरतो’ यात ते सकर्मक, ‘धूळ पसरते’ यात अकर्मक. भाषेजवळ साधन आहे. लेखक ते वापरीत नाही.

कारण सांगण्याच्या पद्धतीतही असाच सैलपणा दिसतो. ‘वाऱ्याने धूळ उडते’, ‘वाऱ्यामुळे धूळ उडते’ आणि ‘वारा धूळ उडवितो’ ही तीन वाक्ये समानार्थी मानली जातात. ती तशी नाहीत. पहिल्यात तृतीयेने वारा हे साधन म्हणून येतो, जसे कुऱ्हाडीने लाकूड तुटते. दुसऱ्यात तो निमित्त आहे. त्याचा क्रियेशी संबंध दूरचाही असू शकतो. तिसऱ्यात तो कर्ता आहे. बसलेल्या थराला हवेच्या झोताने प्रत्यक्ष उचलले असेल, तर तिसरी रचना यथार्थ होय. पट्ट्याच्या कंपाने धूळ सुटली आणि वाऱ्याने केवळ पुढे नेली असेल, तर ‘वाऱ्यामुळे उडाली’ हे विधान चुकीचेच ठरेल. कारण उचलणारा वेगळा आणि वाहणारा वेगळा. वर सांगितलेला दोन वेगांतील भेद वाक्यात उतरवावयाचा, तर दोन क्रियापदे लागतात : कंपाने धूळ सुटते, वारा ती नेतो. ‘उडते’ हे एकच क्रियापद दोन्ही टप्पे गिळून टाकते.

याच विचाराची पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. खाणीतील वारा हा निसर्गाचा वारा नव्हे. तो पंख्याने खेचलेला, दारांनी अडविलेला, ठरलेल्या वाटेने वळविलेला वारा आहे. त्याचा वेग कोणीतरी ठरविलेला असतो. थर किती काळ साचू द्यावा, पाणी केव्हा शिंपडावे, चुनखडीची पूड कोठवर पसरावी, हेही कोणीतरी ठरविलेले असते. संस्कृत व्याकरणाने प्रयोजकाला, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करविणाऱ्याला, ‘हेतू’ ही संज्ञा दिली आहे. खाणीत वारा हा प्रयोज्य आणि व्यवस्था ही हेतू होय. ‘धूळ उडाली’ असे लिहिणारा लेखक वाऱ्याचे नाव वगळतो, एवढेच नव्हे. वाऱ्यामागील निर्णयाचेही नाव वगळतो. अपघाताच्या वृत्तान्तात हे वगळणे निष्पाप राहत नाही. दैवाच्या आणि व्यवस्थेच्या गोष्टी एकाच क्रियापदात मावू लागल्या, की वाचकाला त्या वेगळ्या करता येत नाहीत.

संज्ञांचा विचार याच्या जोडीने केला पाहिजे. हवेत तरंगणाऱ्या कणांना ‘निलंबित धूलिकण’ म्हणण्याची रीत आहे. ‘निलंबन’ हा शब्द मराठी व्यवहारात सरकारी नोकराला कामावरून दूर ठेवण्याच्या अर्थी इतका रुळला आहे, की तरंगण्याची कल्पना त्यातून मनासमोर येणे कठीण. याहून चिंत्य शब्द ‘श्वसनीय धूळ’ हा होय. फुप्फुसाच्या अंतर्भागापर्यंत पोचण्याइतकी बारीक, आणि म्हणून कामगाराला फुप्फुसविकार जडविणारी धूळ, असा येथे अभिप्रेत अर्थ आहे. परंतु ‘अनीय’ हा प्रत्यय मराठी वाचकाला पूजनीय, वाचनीय, आदरणीय या शब्दांतून परिचित आहे. त्याचा बोध ‘योग्य’ असा होतो. श्वसनीय म्हणजे श्वासात घेण्यास योग्य! शक्यता सांगण्यासाठी योजलेला प्रत्यय येथे शिफारस करतो. ‘श्वसनयोग्य’ या पर्यायाने दोष दुणावतो. ‘फुप्फुसगामी धूळ’ किंवा साध्या मराठीत ‘फुप्फुसात उतरणारी धूळ’ असे म्हटल्यास अर्थ सरळ पोचतो आणि धोक्याची सूचनाही मिळते.

आणि हे सर्व ज्या भाषेत घडते, ती भाषा या विषयात दरिद्री नाही. ‘धूळ’ आणि ‘धुरळा’ यांत मराठी माणूस भेद करतो. धूळ बसलेलीही असते. धुरळा हा उठलेलाच असतो. साचलेली धूळ आणि हवेतील धूळ हा स्फोटशास्त्रातील मूलभूत भेद या जोडीत आयता सापडतो. पायवाटेवर घोटाभर साचणारा तो फुफाटा. धान्य मळताना निघणारा, नाकात शिरणारा तो खकाणा. कणांच्या आकाराची प्रतवारी स्वयंपाकघरात व वैद्याच्या खलात पूर्वीच झालेली आहे : भरड, जाडसर, बारीक, वस्त्रगाळ. खळ्यावर धान्य उफणणाऱ्या शेतकऱ्याला दाणा पायाशी पडतो, भूस काही हातांवर पडते आणि खकाणा पार निघून जातो, हे ठाऊक असते. वाहत्या हवेत कणांची आकार व वजन यांनुसार होणारी निवड ती हीच. कूपात उतरणाऱ्या कामगाराला हा नियम समजावून देण्यास याहून चांगला दृष्टान्त मिळणार नाही. विदर्भात वर्धा खोऱ्यातील व कामठी परिसरातील खाणींचा कामगारवर्ग याच शेतीसंस्कृतीतून आलेला आहे. १९५२ च्या खाण अधिनियमाने नियमांचा सारांश इंग्रजीबरोबर विहित केलेल्या अन्य भाषेतही खाणीपाशी लावण्याची अपेक्षा धरली होती. कामगाराच्या भाषेचा अधिकार कायद्याने मान्य केला. परंतु ती भाषा कशी लिहावी, हा प्रश्न अभ्यासकांकडेच राहिला.

हा प्रश्न खाणीच्या तोंडाशी संपत नाही. कोळसा जेथे चढतो-उतरतो, तेथवर तो येऊन पोचतो. रायगड जिल्ह्यातील आगरदांडा हे राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावरील गाव. समोर दक्षिण तीरावर दिघी. मिठागर किंवा बागाईत सुचविणारा ‘आगर’ आणि भूमीची चिंचोळी पट्टी सुचविणारा ‘दांडा’, असे दोन शब्द या ग्रामनामात एकत्र आले आहेत. बंदरविकासाच्या योजनेत या खाडीचे दोन्ही तीर येतात. धरमतरच्या खाडीत कोळशाची उतराई होते. तेव्हा कोळशाची धूळ हा या जिल्ह्याच्या किनाऱ्याला परका विषय नव्हे. किनाऱ्यावर मात्र वारा पंख्याने ठरत नाही. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री जमिनीकडून मतलई वारे वाहतात, पावसाळ्यात वावझड येते. सुट्या कोळशाच्या ढिगावरून सुटलेला कण दुपारी गावाकडे जाईल आणि पहाटे खाडीकडे. ओल्या मासळीच्या वाळवणीवर दिवस काढणाऱ्या कोळी समाजाला हा भेद शिकविण्याची गरज नाही. वाऱ्याची नावे त्याच्याच भाषेत आहेत.

२००६ च्या पर्यावरणीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाच्या परिणामांचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करावा लागतो. अशा सारांशाचे खरे वाचक आगरदांड्यासारख्या गावातील लोक होत. तेथे ‘धुळीचे उत्सर्जन होण्याची शक्यता असून योग्य ती उपाययोजना करण्यात येईल’ या धर्तीचे वाक्य आले, तर त्यातून काय कळते? उत्सर्जन कोठून, कोणत्या क्रियेत, कोणत्या वाऱ्यात, कोणत्या वेळी, आणि उपाय कोण करणार, यांपैकी कशाचाही बोध होत नाही. प्रमाणाचा प्रश्न तर वेगळाच आहे. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम ठरविली आहे. खाणीतील स्फोटास पुरणारे प्रमाण याच्या पाच लाखपट भरते. या दोन टोकांना मराठी लेखनात ‘धुळीचे प्रमाण अधिक’ हे एकच विशेषण पुरते, हे विचार करण्यासारखे आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला स्फोटाची भीती नको आणि खाणीतल्या माणसाला निर्धास्तपणा नको; दोघांनाही अंक हवा.

या चिकित्सेवर एक आक्षेप संभवतो. परिभाषा एकरूप असावी, ती अन्य भारतीय भाषांशी जुळावी आणि बोलीतील शब्दांची अनेकार्थता तिला बाधू नये, म्हणूनच संस्कृत घडणीचे शब्द स्वीकारले गेले. १९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून या कार्याला शिस्त आली, हेही मान्य केले पाहिजे. ‘धुरळा’ या शब्दाला काव्यात, राजकारणात आणि वादविवादातही वाव आहे. प्रयोगशाळेत तो सैल वाटेल. आक्षेपात तथ्य आहे. परंतु अनेकार्थतेचा दोष संस्कृत शब्दाला लागत नाही, हे ‘निलंबन’ पाहता खरे दिसत नाही. एखाद्या शब्दाची व्याख्या करून तो काटेकोर करता येतो. मग तो शब्द वाचकाच्या परिचयाचा का नसावा? ‘हवेत उठलेली धूळ म्हणजे धुरळा’ अशी व्याख्या एकदा दिली, की पुढे तो शब्द कोणत्याही तत्सम शब्दाइतकाच निश्चित होतो. शिवाय प्रस्तुत चिकित्सेचा मुख्य रोख संज्ञांवर नाही, वाक्यावर आहे. आणि वाक्य सुधारण्यास कोणत्याही समितीची संमती लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की प्रत्येक ठिकाणी कर्ता सांगण्याचा आग्रह धरल्यास लेखन जड होईल. हाही विचारार्ह आहे. मात्र हा आग्रह सर्वत्र नाही. कारणाचे विवेचन, सुरक्षेची सूचना, अपघाताचा वृत्तान्त आणि लोकांपुढे ठेवावयाचा सारांश, एवढ्या चार प्रकारच्या लेखनापुरता तो आहे. तेथे धुळीविषयीच्या प्रत्येक वाक्याने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत : धूळ सुटी कशाने झाली, तिला उचलले कोणी, नेले कोणी, आणि ती साचू कोणी दिली. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे शास्त्राकडे आहेत. चौथ्याचे उत्तर व्यवस्थेकडे आहे, आणि म्हणूनच ते वाक्यातून सर्वांत आधी गळते.

मराठी विज्ञानलेखनाला शब्दसंपत्तीची उणीव आहे, ही तक्रार जुनी आहे. कोळशाच्या धुळीपुरते पाहता ती टिकत नाही. शब्द आहेत, प्रयोजक रूपे आहेत, विभक्तींचे सूक्ष्म भेद आहेत, आणि ते सर्व समजणारा वाचकही आहे. उणीव आहे ती ‘धूळ उडते’ असे लिहून झाल्यावर ‘उडविली कोणी?’ असे स्वतःलाच विचारण्याच्या सवयीची. ती सवय लागली, तर वर्धा खोऱ्यातील कामगाराला आणि आगरदांड्याच्या कोळ्याला आपापल्या धोक्याचे वर्णन आपल्या भाषेत प्रथमच पुरते वाचावयास मिळेल.